मोठीमायचं तोंड

"आयक तं!" म्हणून मोठीमाय समोरच्याच्या गुडघ्यावर चापट मारायची आन मंग सुटायची. तुमचा गुडघा लाल व्हायचा, पण उठायचं मन होत नसे. आठवून पाहा, तुमच्याही गल्लीत असन अशी एखादी बाई. जे दिसन त्याच्याशी बोलणारी. बकरीशी, कुलरशी, नळाशीसुद्धा! "काऊन रे, आज तुलेबी सुट्टी का?"

आदिलाबादजवळच्या मावल्यात आमची आन तिची भिंत एकच. तिचा नवरा, दीर आन जाऊ मिळून भाजीचं दुकान चालवायचे. तिले लेकरू नव्हतं. धाकट्या जावेले एक पोट्टं होतं. मोठीमाय, म्हणजे मोठी काकू, तिले सगळी गल्ली म्हणायची, पण खरी त्याचीच.

सकाळी दुकानात जायची भाजी ती अंगणात निवडायची. पोट्टं एकेक भाजी उचलून तिच्या तोंडासमोर धरायचं आन थांबायचं. मंग हिचं नाटक सुरू! "हे काय? वांगं! काट्याचं वांगं! अबे, टोचते ना! नाकाले लावू का?" मिरची आली का, "हाऽऽ हाऽऽ, पानी द्या वो कोनी!" पोट्टं हसून हसून लोळायचं. मी कॉलेजले निघालेली, फाटकात उभी, आन माझी बस गेलेली.

पण पोट्टं बोलेना. पाचवं लागलं तरी वांग्याले 'वा', मिरचीले 'मि', बस. आधी सगळे म्हणाले, याचा बापबी उशिरानंच बोलला. मंग शाळा सुरू झाली आन शाळेतल्या मॅडमनं मायले बोलावून सांगितलं: घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, लेकराच्या डोक्यात खिचडी झाली. "इंट्लो मराठी वद्दु." घरात मराठी नको. नुसती तेलुगू बोला.

माय-बापाले दुकानापुरती तेलुगू येत होती. मोठीमायले दोनच शब्द. 'एंत' म्हणजे केवढ्याले, आन 'वद्दु' म्हणजे नको. तेवढ्यावर ती अख्खा बाजार करून यायची!

जाऊ वाईट नव्हती हो, भ्यायलेली होती. रडत रडत म्हणाली, "बाई, थोडे दिवस तुमी त्याच्याशी बोलू नका जी. लेकराच्या भल्यासाठी."

मोठीमाय हसली. "अवो, एवढंच ना? माह्या बोलन्यानं त्याचं बिघडून राह्यलं असन तं हे घे, लावलं कुलूप."

आन खरंच लावलं. पोट्टं वांगं धरून उभं राहायचं, ही पदर दातात धरायची. ते वांगं अजून जवळ आणायचं, पार हिच्या नाकाले लावायचं. कधी तोंडातून निसटायचं, "अबे, टो..." आन फाट्कन चापट! आता गुडघ्यावर नाही, स्वतःच्याच तोंडावर.

मंग एक दिवस ती पिशवी भरून भावाच्या गावी निघाली, भैंशाकडं. मले म्हणाली, "पोरी, हे तोंड काई गप राहत नाही. माह्यापायी लेकरू मुकं राहिन."

घर असं गप झालं का भिंतीपलीकडून आमाले आमचाच टीव्ही मोठा वाटायले लागला. दिवसभर दुकान करून आलेली माय त्याले काय बोलणार? रा, तिनु, पडुको. ये, खा, झोप. बाकी वेळ मोबाईलवर तेलुगू गाणे. वर्षभरात 'मि' गेलं. 'वा'बी गेलं.

शेवटी आदिलाबादले स्पीच थेरपीवाल्या मॅडमकडं नेलं. मीबी गेली सोबत. त्यांनी पह्यले कान तपासून आणाले लावले. कान चांगले निघाले. मंग त्या त्याच्यासोबत खाली बसून खेळल्या. मायनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मॅडम, वर्ष झालं, घरात एकच भाषा ठेवली."

मॅडमनं हातातलं खेळणं खाली ठेवलं.

"दोन भाषांनी कोणाचं बोलणं अडत नाही," त्या म्हणाल्या. "याला भाषा शिकणंच जड जातं. मग ती एक असो का तीन. मराठी काढली म्हणून अडचण गेली नाही, त्याच्याशी होणारं बोलणं तेवढं कमी झालं. तुम्हाला मनापासून येते त्या भाषेत बोला. त्याच्या हातात जे असेल त्याच्याबद्दल बोला. मग थांबा, त्याला वेळ द्या." आन वरून विचारलं, "घरात सगळ्यात जास्त बडबड कोण करतं? त्यांच्याजवळ बसवा याला."

मायनं लेकराले मांडीवर ओढलं. मीच बोलली, "त्याइलेच तं काढून दिलं ना, मॅडम."

फोन केला. मोठीमाय दुसऱ्याच दिवशी आली. मी दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात! जावेनं पाय धरले. "बोला ना बाई. चुकलं आमचं."

"एक मॅडम म्हनते बोलू नका, दुसरी म्हनते बोला," मोठीमाय हळूच म्हणाली. तिले एवढं हळू बोलता येते, हेच मले माहीत नव्हतं. "आन अजून बिघडलं तं? तवा कोनाचे पाय धरू?"

सकाळी ती भाजी निवडाले बसली. पोट्टं आलं. टोपल्यातून वांगं उचललं, तिच्या तोंडासमोर धरलं आन थांबलं. एवढ्या दिवसांनंतरबी त्याले आठवत होतं! मी फाटकात उभी, मनातल्या मनात ओरडून राह्यली, बोल ना मोठीमाय, बोल ना!

तिचं तोंड उघडलं. तिनं दाराकडं पाह्यलं. दारात जाऊ उभी होती, हो हो म्हणून मान हलवत.

मोठीमायनं पदर दातात धरला. वांगं घेतलं, टोपल्यात ठेवलं.

पोट्ट्यानं टोपल्याकडं पाह्यलं. दुसरं उचललं नाही.