वहिनीच्या मनगटावरचं गोंदण

मला घड्याळांचा शौक आहे, आणि तो थोडाथोडका नाही. पावलं मोजणारी, झोप मोजणारी, पाण्यात चालणारी घड्याळं, शिवाय ताप सांगणारी अंगठी, सगळं घेऊन झालंय. दहिवलीच्या घरात एक खण नुसत्या चार्जरच्या वायरींनी भरलाय. माझी थोरली वहिनी यावरून माझी यथेच्छ टिंगल करते. तिच्याकडे जेवायला बसलो की विचारते, "भावजी, घड्याळाला इचारलंत का, भूक लागली का नाय ती?" मीही हसतो. या वस्तूंवर चिडणारा माणूस मी कधीच नव्हतो. चिडायला लावलं ते एका पट्ट्याने.

वहिनी साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला आहे. तिथे सगळ्या बायकांना मनगटावर पट्टे बांधले. उकाड्यात कुणाला चक्कर आली तर लगेच कळावं म्हणून, असं सांगितलं. उजवा हात पिशव्या सील करायच्या मशीनजवळ जातो, म्हणून पट्टा डाव्याच हाताला, असा नियम. पट्ट्यातून नाडीचे ठोके ऑफिसातल्या पडद्यावर जातात. सगळ्या बायकांचे जात होते, वहिनीचे जात नव्हते. तिच्या नावापुढे दिसायचं की पट्टा हातावर नाही.

ऑफिसातला साहेब लायनीवर आला आणि सगळ्या बायकांसमोर तिला म्हणाला, "मावशी, पट्टा काढून ठेवता आणि वर खोटं बोलता?" पुन्हा तसं दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, हेही त्याने तिथेच सुनावलं.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती मुकाट्याने भाकऱ्या थापत होती. माझ्या घड्याळावर एक शब्द नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर घडलेलं सगळं सांगून म्हणाली, "मी काढला नाय ओ भावजी. एकदा पन नाय. पोरांची शपथ." मी काही विचारलंही नव्हतं आणि ती मला शपथ घेऊन सांगत होती. माझ्या वहिनीवर ही पाळी यावी, याचाच मला भयंकर संताप आला.

तिच्या पिठाच्या हाताकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या डाव्या मनगटाभोवती गोंदण आहे. कळंबला माहेरी लहानपणी गोंदवलेलं, हिरव्याकाळ्या ठिपक्यांच्या दाट ओळी, लांबून बांगडीच वाटावी असं. मी तिला हात धुवायला लावला आणि माझं सगळ्यात भारी घड्याळ तिच्या त्या मनगटावर बांधलं. ते थोडा वेळ चाचपडलं आणि ठोके दाखवेना. उजव्या हातावर बांधलं, तर ठोके बिनबोभाट मोजायला लागलं.

त्यात गूढ काहीच नाही. घड्याळ कातडीत हिरवा उजेड सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून ठोके ओळखतं. गोंदणाची शाई तो उजेड गिळून टाकते. मग घड्याळाला वाटतं, इथे हातच नाही. आमच्याकडे वहिनीच्या वयाच्या कितीतरी बायकांची मनगटं गोंदलेली आहेत. पट्टे बनवणाऱ्या शहाण्यांनी ते कुणाच्या गुळगुळीत हातांवर तपासले होते, देव जाणे!

सोमवारी सुट्टी टाकून मी तिच्याबरोबर गेलो. साहेबाच्या केबिनमध्ये तोच प्रयोग करून दाखवला, एकदा या हातावर, एकदा त्या हातावर. साहेब म्हणाला, "अरे वा, इंटरेस्टिंग आहे." इंटरेस्टिंग! त्याची कॉलर धरावी असं वाटलं. वर म्हणतो, "मी पट्ट्याच्या कंपनीला मेल टाकतो. तोपर्यंत मावशींनी पट्टा पायाला बांधावा."

"पायात माज्या जोडवी हायेत," वहिनी म्हणाली. "ही बेडी नको. आनि ते ऱ्हाऊ द्या. तुमी मला लायनीवर खोटारडी केलंत. आता लायनीवर चला, सांगा सगल्यांना."

साहेब हसला. "काम राहिलं ना मावशी? मग झालं की."

मला भीती वाटली. हातचं काम जाईल म्हणून मी हळूच म्हणालो, "वहिनी, जाऊ द्या."

"तुमी गप ऱ्हा," ती म्हणाली. मग तिने मनगटावरचा पट्टा सोडला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "हा बगा, आज काढला. पैल्यांदा."

ती जाऊन लायनीच्या मधोमध उभी राहिली. कामाला हात लावेना. शेजारणीने विचारलं, "काय झालं गं?" वहिनीने सगळं सांगितलं, आणि एकेक करत सगळ्या बायकांचे हात थांबले. बाहेर माल भरायला टेंपो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी साहेब बाहेर आला.

"सेन्सरचा थोडा इश्यू होता," तो सगळ्यांना म्हणाला.

"इश्यूबिश्यू नको," वहिनी म्हणाली. "मी खोटं बोलले का, तेवढं सांगा."

त्याने खाली बघत नकारार्थी मान हलवली.

"मोठ्यानं सांगा. त्या दिवशी मोठ्यानं बोललात."

"मावशी खोटं बोलल्या नाहीत."

वहिनीने पदराने डोळे पुसले, जागेवर गेली आणि समोरचा खोका ओढला. तिचं मनगट उघडं होतं, आणि पट्टा परत बांधा म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.