भुरीचा बिल्ला

लग्न होऊन मी कारंज्याहून वाशीमला आले, तेव्हा उंबरठा ओलांडायच्या आधी मला हुंगून तपासलं ते गल्लीतल्या कुत्रीनं. मातकट भुऱ्या रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. तिची तपासणी संपली, मग सासूबाईंनी तांदळाचं माप पुढं सरकवलं. मी मनात म्हटलं, या घरात कुत्रीचा मान सासूच्या वरचा दिसतो. पुढं कळलं की ती आमच्या घरची नव्हतीच. आमची गल्ली स्टेशनच्या रस्त्याला लागून होती, आणि ती कुत्री त्या सगळ्या गल्लीची होती.

आमच्याकडे भाकरी झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक लहानशी चानकी थापायची पद्धत होती. ती चानकी कुत्रीची. प्रत्येक घरात ती थापली जाई आणि कोणत्या घरी कधी जायचं हे कुत्रीनं स्वतःच ठरवून ठेवलं होतं. सकाळी समोरच्या आबाजींकडे, कारण तिथं ती ताकात कुस्करून मिळे. आबाजी म्हणजे शेती मुलांवर सोपवून गावातल्या घरात राहायला आलेले म्हातारे शेतकरी. दुपारी ती आमच्याकडे येई आणि संध्याकाळी रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांकडे. प्रत्येक घरानं तिला वेगळं नाव ठेवलं होतं. ती सगळ्या नावांना ओ देई, फक्त रागावून हाक मारली की बहिरी होई.

एकाच घराची पायरी ती चढत नसे. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं नवं घर होतं, तिथं प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई राहत. बौद्ध कुटुंबातल्या. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, आणि बाई त्यांच्या घरातल्या पहिल्या पगारदार. नवरा रिसोडला नोकरीला, शनिवारच्या एसटीनं यायचा. घर बाईंनी आपल्या पगारातून बांधलं होतं आणि आपल्याच नावावर केलं होतं. गल्लीतल्या बायका यावर बरंच बोलत, त्यात कौतुक किती आणि पोटदुखी किती हे सांगणं कठीण होतं. मला मात्र बाई पहिल्या दिवसापासून आवडल्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याच्या डोळ्यांत पाहून.

त्या कुत्र्यांना भयंकर भीत. लहानपणी गावातल्या एका वाड्यावरच्या कुत्र्यानं त्यांची पोटरी फाडली होती आणि नंतर पोटात सुया घ्याव्या लागल्या होत्या. त्यामुळे बाई भर उन्हाळ्यातही मिटलेली छत्री घेऊन निघत आणि कुत्री दिसली की ती छत्री दोघींच्या मध्ये आडवी धरून भिंतीला लागून चालत. पोरं हसत. कुत्रीलाही तो खेळ वाटे की काय, ती शेपूट हलवत मागे मागे जाई. आणखी एक गोष्ट होती. कुत्री ज्या ओट्यांवर पाय ताणून झोपे, त्यातल्या काही ओट्यांवर बाईंना कोणी बसा म्हणत नसे. आबाजींचा ओटा त्यातलाच. हे मला दिसत होतं आणि त्याचा मला संताप येई, पण नव्या सुनेच्या संतापाला विचारतो कोण.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. एका सकाळी नगरपालिकेची दवंडी फिरली. ज्यांनी घरी कुत्रं पाळलं असेल त्यांनी परवाना काढावा, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असावा, ठरल्या दिवसापासून बिल्ला नसलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त केला जाईल. बंदोबस्त म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. औषध भरलेले मटणाचे तुकडे टाकत माणसं फिरायची आणि मागून गाडा यायचा.

माझे यजमान तहसील कचेरीत कारकून. त्यांनी मला समजावून सांगितलं की जनावरांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा दिल्लीत कधीच झालेला आहे. मुक्या जिवाला छळणं, उपाशी ठेवणं, पाळून वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले की मोकाट कुत्री मारायची मोकळीकही त्याच कायद्यात ठेवली आहे. म्हणजे मालक असलेल्या कुत्र्याला कायद्याची माया आणि नसलेल्याला मटणाचा तुकडा. असला कसला कायदा, असं म्हणून मी त्यांच्याशीच भांडले, जणू तो त्यांनीच लिहिला होता. ते बिचारे जेवून झोपून गेले.

दवंडीनं एकाचं मात्र भलं झालं. चौकात चपला शिवणारे एक काका बसत. त्यांनी बैलांच्या जुन्या चामड्याच्या पट्ट्यांतून कुत्र्यांचे पट्टे कापायला घेतले आणि झाडाच्या फांदीला ओळीनं टांगले. आयुष्यात कधी कुत्र्यांचं गिऱ्हाईक केलं नव्हतं, पण पट्टा गळ्यात चढवल्यावर आत दोन बोटं जातात का हे ते स्वतः पाहत आणि जात नसतील तर पुन्हा भोक पाडून देत. आमची कुत्री रोज त्यांच्या सावलीला बसायची. एक दिवस त्यांनी तिच्याही गळ्यात एक चांगला जाड पट्टा घातला. कोणी सांगितलं नव्हतं, मागितलंही काही नाही.

आणि त्या पट्ट्यानंच घोटाळा केला. आबाजींनी पट्टा पाहिला आणि त्यांना वाटलं, गार्डसाहेबांनी परवाना काढला. गार्डसाहेबांना वाटलं, आबाजींनी. आमच्या सासूबाईंना वाटलं, दोघांपैकी कोणीतरी. प्रत्येकाला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला तो खर्च आणि ती पायपीट चुकल्याचंही हायसं वाटलं. वाटून घातलेल्या चानकीसारखी ती जबाबदारीही कोणीतरी उचलली असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या गल्लीत हे झालं नसतं. तिथं कुत्रं एकेकाचं होतं.

ठरल्या दिवसाच्या आदल्या दुपारी कुत्री आमच्या दारात आली. चानकी देताना मी सहज तिचा पट्टा फिरवून पाहिला. बिल्ला नव्हता. मी तशीच उठून घरोघरी गेले, आणि घरोघरी तेच उत्तर मिळालं, आम्हाला वाटलं त्यांनी काढला. अजून वेळ होता, नगरपालिका संध्याकाळपर्यंत उघडी होती. मी सगळ्यांना आबाजींच्या ओट्यापाशी गोळा केलं. माझं तोंड तिखट आहे, हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परवान्याला घरपट्टीची पावती लागत होती, म्हणजे घर स्वतःचं हवं. आमचं घर भाड्याचं, मालक अकोल्याला. नाहीतर मी कोणाचं तोंड पाहिलं नसतं. गार्डसाहेब म्हणाले की उद्या ती कोणाला चावली तर कोर्टात उभं कोण राहणार, या वयात मला ते नको. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं, पट्ट्यावर नाव आलं की चावण्याचा जाबही त्याच नावाला द्यावा लागे. कुत्रीवर आबाजींचा सगळ्यात जास्त जीव, हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांनाच धरलं.

"कुत्री साऱ्यायची हाय," ते म्हणाले, "मंग माह्या एकट्याच्याच नावावर काहून?"

यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. सासूबाई नंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत एवढं सांगते. कुत्री तिकडं ओट्यावर पोट वर करून झोपली होती, तिच्याच मरणाची चर्चा चालली होती आणि मधूनमधून ती शेपूट हलवत होती.

तेवढ्यात शाळेतून बाई परतल्या. घोळका पाहून थांबल्या, छत्री आडवी धरली आणि काय झालं ते मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एकदा ओट्यावरच्या कुत्रीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी घेतो माह्या नावावर."

कोणाला खरंच वाटेना. गार्डसाहेब म्हणाले, बाई, तुम्ही तर तिला घाबरता, तुमच्या दारात ती कधी आली नाही, तुमचा काय संबंध. बाई त्यांच्याकडे नाही, आबाजींकडे पाहून बोलल्या.

"ज्याचं नाव कुठीच लिहेल नाई, त्याले कोनीबी मारते. हे मले कोनी शिकवाची गरज नाई."

एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि घरपट्टीची पावती घेऊन आल्या. आम्ही दोघी भरभर चालत नगरपालिकेत पोचलो. टेबलामागच्या कारकुनानं आधी यजमानांचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या की घर माझ्या नावावर आहे, कुत्रीही माझ्याच नावावर होईल. मग त्यानं कुत्रीचं नाव विचारलं. गल्लीत तिची इतकी नावं होती, पण बाईंनी तिला कधी हाकच मारली नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, लिहा, भुरी. अशी बाईंच्या तोंडून ती भुरी झाली. पितळी बिल्ला हातात पडला तेव्हा त्यांनी तो पदरानं पुसला, आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाचं बक्षीस असल्यासारखा.

बिल्ला तारेनं पट्ट्यात अडकवायचं काम चौकातल्या काकांनी केलं. पण नुसत्या बिल्ल्यानं भागणार नव्हतं. नगरपालिकेत बजावून सांगितलं होतं की सकाळी कुत्री बांधून, मालकाच्या दारात दिसली पाहिजे. मोकळी फिरली आणि तुकडा खाल्ला, तर बिल्ला असून काय उपयोग. भुरी जन्मात बांधली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बाईंच्या दाराच्या कडीला सुताड्याच्या दोरानं बांधून आले आणि आमच्या घरी वळेपर्यंत तिनं तो चावून तोडला. दुसरा बांधला, तोही तोडला. रस्त्याच्या तोंडाशी नगरपालिकेची माणसं दिसायला लागली होती. मागच्या गल्लीतून एका कुत्र्याचा असा काही आवाज आला की भुरी ताठ उभी राहिली आणि तिकडंच धावायला निघाली.

मी लांब होते. बाई दारातच होत्या. त्यांनी छत्री टाकली, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी भुरीचा पट्टा धरला. डोळे मिटलेले, मान दुसरीकडे वळवलेली, पण पट्टा सोडला नाही. भुरी ओढत होती, गुरगुरत होती, तिच्या नखांनी बाईंचं लुगडं गुडघ्यावर फाटलं. मी धावत जाऊन भुरीला मागून धरलं, तेव्हाही बाईंच्या मुठीत पट्ट्याचा बिल्ला सारखा वाजत होता.

माणसं आली. पुढचा थांबला, हातातली बादली खाली ठेवली आणि विचारलं, "कोनाची हाय हे?"

गल्लीतली सगळी घरं दारात येऊन उभी होती. बाईंनी डोळे उघडले.

"माही हाय."

त्यानं वाकून बिल्ला पाहिला, बादली उचलली आणि पुढं गेला. गाडा गेला त्यात काय काय होतं ते मी पाहिलं, पण सांगवत नाही. त्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांत कितीतरी चानक्या तशाच पडून राहिल्या.

गाडा दिसेनासा झाल्यावर बाईंनी पट्टा सोडला. भुरी आपली नेहमीसारखी आबाजींच्या ओट्याकडे निघाली, ताक-भाकरीची वेळ झाली होती. आबाजी ओट्यावरून उठून उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं ओट्याची कडा झटकली आणि म्हणाले, "बाई, या, बसा. चहा घ्या."

मी बाईंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. फाटलेल्या लुगड्याची घडी नीट केली, टाकलेली छत्री उचलली आणि शांतपणे म्हणाल्या की आज नको आबाजी, शाळेची घंटा व्हायची वेळ झाली. आवाजात राग नव्हता. पण आबाजींनी झटकलेली ओट्याची कडा तशीच रिकामी राहिली.

आयुष्यात मी मोठी माणसं पुष्कळ पाहिली, पण धैर्य म्हटलं की मला अजूनही त्या बाईच आठवतात. त्या पुढं चालू लागल्या. आणि भुरीनं पहिल्यांदाच ताकाची भाकर टाकून दिली, ओट्यावरून उडी मारली आणि त्यांच्या मागं निघाली. बाईंना पावलं ऐकू आली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, फक्त मिटलेली छत्री दोघींच्या मध्ये आडवी धरली. तेवढं अंतर राखून दोघी शाळेपर्यंत गेल्या, आणि त्यानंतर रोज जात राहिल्या.