कानबाई मागे वळली तेव्हा

धरणगावच्या वाटेवरच्या त्या गावात मंजुळाबाईचं घर शोधायला फार विचारावं लागत नाही. ज्या ओट्यावर एक काळा धिप्पाड कुत्रा आणि त्याला टेकून एक पिवळसर लंगडी कुत्री पडलेली दिसेल, ते तिचं घर. आणि श्रावणात कानबाईची मिरवणूक नदीची सरळ वाट सोडून ज्या गल्लीत वळसा घेते, तीही तिचीच गल्ली. हा वळसा जुना नाही. तो कसा पडला ते गावातल्या बायका मोठ्या तोऱ्यात सांगतात, जणू त्या सगळ्याच तेव्हा पुढे होत्या.

काळा तो सरदार. सालदार करमसिंग सातपुड्याच्या पायथ्याहून पहिल्यांदा कामाला आला, तेव्हा त्याने ते पिल्लू सदऱ्यात घालून आणलं होतं. मळ्यावर सरदार असला की रानडुक्कर कपाशीत शिरत नाही, हे जीवराम, म्हणजे मंजुळाबाईचे यजमान, येईल-जाईल त्याला सांगत. ठकी मागून आली. नरडाण्याच्या स्टेशनबाहेर मोटारसायकलखाली सापडलेलं ते पिल्लू मुलगा भूषण घरी घेऊन आला, आणि "आई, चार दिवस ठेव" म्हणून नोकरीवर निघून गेला. चार दिवसांचं पिल्लू मंजुळाबाईच्या पदराला लागलं ते कायमचं. देवपूजा चालली की ठकी उंबऱ्याबाहेर बसायची, घंटा वाजली की कान टवकारायची. मंजुळाबाई म्हणायची, "हिला प्रसाद कळतो."

ठकीचं कमरेचं हाड मात्र वाकडंच सांधलं. पहिल्यांदा माजावर आली तेव्हा घरात कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. बाळंतपणात पिल्लं अडली. धरणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कशीबशी वाचवली, पिल्लं वाचली नाहीत. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "मावशी, वाट अरुंद आहे. पुन्हा गाभण राहिली तर ही जाईल. अंगात ताकद आली की ऑपरेशन करून घेऊ. मध्येच माजावर आली तर मात्र थांबावं लागेल, तेव्हा लगेच करता येत नाही. आणि नराचंही करून टाका."

ठकीचं करायला जीवराम लगेच तयार झाले. सरदारचं नाव काढताच त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि उठले. "मना सरदारले कोणी हात लावाना नही. राखण कोण करी मग, तू?"

मंजुळाबाई वाद घालत बसली नाही. नवऱ्याचं मन वळेपर्यंत ठकीला सांभाळायचं तर घरालाच शिस्त लावावी लागणार, हे तिने ओळखलं. ठकीची जागा मागच्या खोलीत; त्या खोलीचं दार पडवीत उघडतं आणि पडवीचं अंगणात. तिने दोन्ही दारांना नव्या कड्या बसवून घेतल्या आणि कायदा केला: एका वेळी एकच दार. आतलं उघडायचं तर बाहेरचं आधी लावायचं. बाहेरचं उघडायचं तर आतली कडी हाताने चाचपून बघायची, नुसती डोळ्यांनी नाही. ठकी माजावर असेल तेव्हा सरदार मळ्यावर, करमसिंगच्या नजरेखाली. ठकीला फिरवायचं ते साखळीला धरून, स्वतः, आणि परतल्यावर अंगणात पाणी मारायचं, म्हणजे गावातले बाकीचे नर वास काढत यायचे नाहीत. शेजारणी हसायच्या. कोणी म्हणे, "मंजुळा, सुनेला नाही गं एवढा पहारा ठेवला तू." ती म्हणायची, "सून बोलून सांगते. ही कुठे सांगणार?"

ऑपरेशनचा दिवस ठरत आला होता, तेवढ्यात श्रावण लागला आणि त्या वर्षी कानबाईचा मान मंजुळाबाईच्या घरी आला. खान्देशात कानबाई म्हणजे अख्ख्या भाऊबंदकीचं माहेरपण. घर सारवायचं, भिंतींना रंग द्यायचा, रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निवडायचे, सुरत-नाशिककडे पांगलेले दीर-जावा, पुतणे-नातवंडं सगळी गोळा व्हायची. देवीचा नारळ नथ-दागिने घालून चौरंगावर बसवायचा, आणि सोमवारी सकाळी मानाच्या बाईने तो चौरंगासकट डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा. एकदा डोक्यावर घेतला की नदी येईपर्यंत खाली ठेवायचा नाही. हा मान मिळावा म्हणून मंजुळाबाई लग्न होऊन आल्यापासून वाट बघत होती.

आणि घराला रंग देणं चालू असतानाच ठकी माजावर आली.

सुरतेहून मोठी जाऊ प्रमिलाबाई आल्या. त्यांनी मागच्या खोलीतलं कण्हणं ऐकलं आणि पदर नाकाला लावला. "मंजुळा, घरात देवी बसणार आणि तू हे विटाळाचं जनावर आत कोंडून ठेवलंस? बाहेर काढ आधी."

"अक्का, बाहेर काढली तर मरेल."

"कुत्री बाहेर राहिल्याने मरते होय? मग आत्तापर्यंत गावात एकही कुत्री उरली नसती."

मंजुळाबाईने त्यांना हाड सांगितलं, अडलेली पिल्लं सांगितली. प्रमिलाबाई ऐकत होत्या, पण त्यांचं अर्धं मन निवडायच्या गव्हात होतं. शेवटी मंजुळाबाई म्हणाली, "अक्का, कानबाईसुद्धा बाईच आहे. तिला चालत नसेल तर ती मला सांगेल. तिने सांगितलं की काढते." प्रमिलाबाईंनी गव्हाचं सूप पुढे ओढलं. रोट थापता थापता त्या दुसऱ्यांना मात्र दोनदा म्हणाल्या, "हिच्या जिभेला धार आलीय."

शनिवारी रोट झाले. भाऊबंदांनी एका पंगतीत बसून खाल्ले. रोटाचा कण घराबाहेर जात नाही, कुत्र्या-मांजराला तर नाहीच, म्हणून मंजुळाबाईने ठकीसाठी वेगळी भाकरी थापली आणि हात धुऊनच तिच्याकडे गेली. रविवारी कानबाई बसली. गाण्यांनी घर दुमदुमलं. या सगळ्यात मंजुळाबाई आरती म्हणताना एक हात टाळीला आणि एक डोळा पडवीकडे, अशी उभी होती.

सोमवारी सकाळी तिने हिरवं लुगडं नेसून देवी डोक्यावर घेतली. ढोल सुरू झाला. बायका फुगड्या घालू लागल्या, गुलाल उडाला. मिरवणूक वेशीजवळ आली तेव्हा प्रमिलाबाई तिच्या शेजारी चालत होत्या. मन प्रसन्न होतं, म्हणून त्या प्रेमाने म्हणाल्या, "तुझ्या ठकीची काळजी करू नको. दोन दिवसांपासून रक्त थांबलंय तिचं, मी पाहिलं ना. आता निवळली ती. आत घुसमटत होती बिचारी. निघताना मी आतली कडी काढून टाकली. पडवीत वाऱ्याला बसली असेल."

मंजुळाबाई जागीच थांबली. डॉक्टरीणबाईंनी हेच तर बजावून सांगितलं होतं. रक्त कमी झालं की घरच्यांना वाटतं संपलं, आणि तेव्हाच कुत्री नराला जवळ येऊ देते. धोक्याचे दिवस खरे तेच. आणि मिरवणुकीच्या गर्दीत पडवीचं दार कोणी लावलं असणार? अंगणाचं फाटक तर देवी निघाली म्हणून सताड उघडंच होतं.

तरी सरदार मळ्यावर आहे, असं ती मनाशी म्हणतेय तोच शाळेच्या भिंतीकडून काळं काहीतरी सुसाट गेलं. गळ्यात कुरतडलेल्या दोराचं टोक लोंबत होतं. करमसिंग जीवरामना फोनवर फोन करत होता, पण ढोलाच्या आवाजात फोन ऐकतो कोण.

देवी खाली ठेवता येत नव्हती. ती दुसरीच्या डोक्यावर द्यावी तर मोडलेला मान पुन्हा कधी जुळायचा. आणि उभं राहावं तर तेवढ्या वेळात ठकी गेली. मंजुळाबाईने डोळे मिटले, "माय, तुझी मर्जी," असं पुटपुटली, आणि देवीसकट मागे वळली.

ढोलवाले गोंधळले. बायकांची फुगडी सुटली. भाऊबंदकीतले थोरले चिंधा आबा हात जोडून पुढे आले. "मंजुळा, नदी तिकडे शे, माय."

"आबा, घर इकडे शे."

ती चालत राहिली, झपाझप, मान ताठ, देवी जराही न हलवता. पाठीमागे कुजबुज पसरली, अंगात आलं, अंगात आलं. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आबांनी क्षणभर विचार केला आणि ढोलवाल्यांना हात केला. "वाजवा रे. कानबाई जाई तिकडे आपण बठ्ठा जावानं." मग सारी मिरवणूक, गुलालासकट, ढोलासकट, त्या अरुंद गल्लीत शिरली.

अंगणात सरदार घोटाळत होता, जिभेवरून लाळ गळत होती. पडवीच्या दारात ठकी उभी, शेपूट बाजूला वळवलेलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर काहीच हातात राहिलं नसतं. मंजुळाबाई सरळ त्या दोघांच्या मध्ये गेली. पडवीचं दार ठेंगणं, देवी डोक्यावर घेऊन आत जाता येईना. म्हणून ती उंबऱ्याला टाच लावून, दाराकडे पाठ करून उभी राहिली. ठकी तिच्या लुगड्यामागे. समोर सरदार, आणि वर नथ घातलेली कानबाई. सरदार एकदा गुरगुरला, मग वर बघून जागच्या जागी थबकला. ढोल अंगणात आला तसे त्याचे कान पडले.

"अहो," मंजुळाबाई मान न वळवता म्हणाली, "धरा त्याला."

जीवरामनी दोर पकडला. सरदारने एवढी ओढ घेतली की टोपी उडाली आणि ते गुडघ्यावर आले, पण त्यांनी सोडला नाही. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सरदारच्या बरगड्या दिसत होत्या. करमसिंग सांगत होता ते खरं होतं, मळ्यावर त्याने भाकरीला तोंड लावलं नव्हतं, दिवसभर गावाकडे तोंड करून रडत होता. दोर कुरतडताना हिरड्या फाटून रक्त आलं होतं. जीवराम तसेच त्याला धरून बसून राहिले.

प्रमिलाबाई धापा टाकत पोचल्या. काय झालं ते त्यांना न सांगताच कळलं. त्यांनी ठकीला कवेत उचलून आत नेलं, आतली कडी लावली, हाताने चाचपली, मग पडवीची लावली. विटाळाचं नावही काढलं नाही. बाहेर येऊन मंजुळाबाईच्या चौरंगाला हात लावत म्हणाल्या, "चाल. मी आहे शेजारी."

वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, अंगात आली होती?"

"अंगात नाही, अक्का. डोक्यावर होती. तिथूनच तिला नीट दिसलं असेल."

नदीवर देवी पाण्यात शिरवताना चिंधा आबांनी मंजुळाबाईच्या ओटीत नारळ घातला. मान ज्याचा त्याला मिळतोच, पण एवढ्या लोकांत आबांनी स्वतः पुढे होऊन ओटी भरावी, हे त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

माज पुरता सरला, मध्ये डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढा काळ गेला, तेव्हा मंजुळाबाई ठकीला घेऊन धरणगावला गेली. त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, "मोकळी आहे. सांभाळलीत तुम्ही. आजच करते ऑपरेशन." मंजुळाबाईने नुसता पदर सावरला. मागे रिक्षाचा आवाज आला. जीवराम सरदारला घेऊन उतरत होते, कोणी बोलावलं नसताना. डॉक्टरीणबाईंकडे न बघता म्हणाले, "यानंबी करी टाका. रडतो तो."

सरदार आजही मळ्यावर राखण करतो आणि रानडुक्कर आजही कपाशीत शिरत नाही. घरी आला की ठकीशेजारी ओट्यावर पडतो आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. कड्या मात्र मंजुळाबाईने काढलेल्या नाहीत. गल्लीतल्या बायका आपापल्या कुत्र्यांचं विचारायला येतात, तेव्हा ती आधी त्यांना त्या कड्या दाखवते, मग डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर देते.

आणि दर श्रावणात मान कोणाच्याही घरचा असो, मिरवणूक त्या गल्लीत वळसा घेते. मानाची बाई ओट्यासमोर थांबते, मंजुळाबाई पुढे होऊन देवीला ओवाळते. सुरतेहून आलेल्या प्रमिलाबाई तेव्हा पडवीच्या दारात उभ्या असतात, एक हात कडीवर.