आईच्या हातातला दोर

उन्हाळी सुट्टीत वाचायला म्हणून गाजलेल्या एका रहस्यकादंबरीच्या लेखकाने मला फसवले. टोकावड्याजवळच्या आमच्या घरी तो आठवडाभर राहिला होता. बाजारात मी कुणाला मेथीची जुडी फुकट देत नाही, पण वडिलांच्या मरणाची गोष्ट त्याला चहाबरोबर देऊन बसलो. मे महिन्यात ते कमरेला दोर बांधून विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि आत गुदमरले. वर आई एकटी होती. माणसे धावून येईपर्यंत तिने दोर सोडला नाही. तळहात सोलून निघाले.

पुस्तकात विहीर आमची, उकाडा आमचा, अंगणातला वाकडा फणसही आमचा. फक्त त्यातली बाई दोर मुद्दाम सोडते.

गावात पुस्तक फिरले. परवा शेजारणीने आईला विचारले, "काकी, खरं काय झालं व्हतं गो?"

आई घरी येऊन मला म्हणाली, "मी सोडला नाय रे. तुला तरी पटतंय ना?"

मी लेखकाला फोनवर शिव्या घातल्या. तो म्हणाला, "अहो, ती कादंबरी आहे."

असेल. मग आमच्या ओटीवर ये, आईचे तळहात बघ आणि तिला तोंडावर सांग, दोर कुणी सोडला?