तिच्या वाटचं वाचणं

माझा भाऊ अमरावतीला, मी अकोल्याला जठारपेठेत. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, अकरावी-बारावीला माझ्याकडं राहिली. ती घरी आली की अख्ख्या गल्लीला कळायचं. फाटकातूनच आरोळी यायची, "आत्या वं, भूक लागून राहिली मले!" शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडते म्हणून मी तिच्यावर खेकसायची. आता दुपारी घर इतकं गप्प असतं की पंख्याची कुरकुर ऐकू येते, आणि त्या आरोळीसाठी माझा जीव तुटतो.

पुढं ती पुण्याला शिकायला गेली. अक्षय्य तृतीयेला सुटीवर आली तेव्हा आम्ही अंगणात चूल मांडून पुरणाचे मांडे केले. मांड्याचं काम सोपं नाही. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत ताणायचा आणि तापलेल्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायचा. माझे खांदे दुखतात, म्हणून ती पुढं झाली आणि मी व्हिडिओ काढायला तिचा फोन धरला. "आत्या, फाटला त हसू नको बरं," म्हणत तिनं पहिला मांडा टाकला, तो फाटलाच, आणि सगळ्यांत जास्त तीच हसली. पुण्याला गेल्यावर तिनं तो व्हिडिओ टाकला. कसा कोण जाणे, तो फार लांबवर गेला.

आधी कौतुक झालं. मग घाण सुरू झाली. माझी भाची काळी आहे. आमचं घराणंच काळं. लग्न जुळवायची वेळ सोडली तर आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. एकानं लिहिलं, 'पीठ लावून कुणी गोरं होत नसतं.' दुसऱ्यानं तिच्या वऱ्हाडी बोलण्यावर लिहिलं, 'आधी मराठी शीक.' तिसऱ्यानं तिच्या चेहऱ्याच्या जागी माकडाचं तोंड लावलं, आणि तेच चित्र जो तो पुढं पाठवू लागला.

भावाला कळलं तसा तो पेटला. आमच्याकडं दारात कुणी भांडायला आलं तर घरातले, शेजारचे, असतील तेवढे सगळे बाहेर येऊन उभे राहतात. निम्मं भांडण तिथंच मिटतं. भावानं तोच हिशेब केला. कुटुंबाच्या ग्रुपवर हाक गेली, 'चाला रे सारे.' बाळापूरचे काका, अमरावतीच्या सुना, कुणीकुणी म्हणून मागं राहिलं नाही. "तुह्या घरी आरसा नाही काय बे?" हे काकांचं उत्तर वाचून आम्ही फोनवर पोट धरधरून हसलो. आपली माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून छाती भरून आली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आत्या, सगळ्यांना थांबव. तुम्ही जितकं लिहिता, तितकं ते आणखी लोकांना दिसतं." आवाज इतका हळू होता की मला आधी ओळखूच आला नाही. बोलणंही पुस्तकातल्यासारखं, जपून जपून.

मी भावाला झापलं. तो म्हणाला, "म्हंजे चूप बसाचं काय?" मी म्हटलं, "चूप नाही बसाचं. पण त्याईच्या वावरात जाऊन भांडाचं नाही."

ती अकोल्याला आली ती सुकून. जेवताना, बोलताना, सारखी फोनकडं बघायची. वाचू नको म्हटलं तर म्हणे, "न वाचता जास्त भीती वाटते. काय लिहिलं असेल असं होतं." ते मला पटलं. नुसतं बघू नको म्हणणं सोपं असतं, पण मनाला कोण आवरणार? मी हात पुढं केला. "दे इकडं तो फोन. वाचाचं काम माह्याकडं. तू पाठमोरी बस."

ती पाठमोरी बसून शेंगा सोलत राहिली. मी चष्मा लावून एकेक वाचत गेले. धमकी असेल, चित्र असेल, तर त्याचा फोटो काढून जपून ठेवायचा, तक्रार करायची, तो माणूस ब्लॉक करायचा. हे तिनंच मला शिकवलं, मागं न वळता. काही काही वाचताना माझे डोळे भरले, पण तिला नुसतं म्हटलं, "हा बी गेला." माकडाचं चित्र करणारा तिच्याच कॉलेजातला निघाला. भाऊ ते फोटो घेऊन कॉलेजात गेला, या खेपेला आरडाओरडा न करता. कॉलेजनं त्या मुलाला बोलावलं, त्यानं लेखी माफी मागितली. हळूहळू ती जेवू लागली, झोपू लागली.

पण फाटकातली आरोळी काही परत आली नाही. घरी आली की ती आता बेल वाजवते. "आत्या, मला थोडंच वाढ," म्हणते. एकदा मीच मुद्दाम तिच्यासारखं ओरडून दाखवलं, तर नुसती हसली. पोर सुखरूप आहे, आणखी काय पाहिजे, असं मी स्वतःला बजावते. तरी पाहिजेच असतं.

परवा तिच्याशी फोनवर बोलत होते. मधेच तिच्या खोलीत कुणीतरी रडत आलं. बाळापूरकडची नवीन मुलगी, तिचंही कुणीतरी तसलंच चित्र केलेलं. "आत्या, एक मिनिट," म्हणून भाचीनं फोन खाली ठेवला, पण बंद करायचा राहिला. आणि मला ऐकू आलं, खणखणीत, भिंतीपलीकडं जाईल असं:

"रडू नको वं! दे इकडं तो फोन. वाचाचं काम माह्याकडं. तू पाठमोरी बस."

मी फोन कानाला घट्ट धरून बसले. बऱ्याच वेळानं तिनं तो उचलला.

"सॉरी आत्या, तुला थांबावं लागलं. बोल ना."

"काही नाही," मी म्हटलं. "तुझं चालू दे. मी ऐकते."