दोष मशीनचा

दादा कधी हरले, तर त्यात दादांचा दोष कधीच नसे. लहानपणी कॅरममध्ये हरले, तर बोर्डावर पावडर कमी पडलेली असे. बुद्धिबळात हरले, तर समोरच्यानं ऐन वेळी खोकून लक्ष उडवलेलं असे. पन्नाशीला टेकल्यावर ते कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीत हरू लागले, आणि तिथे तर दोष द्यायला एक आख्खं मशीनच आयतं समोर होतं.

धंद्यानं दादा चष्मेवाले. चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडदा ओढून केलेली डोळे तपासायची खोली. तिथल्या उंच खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, की दादा त्याच्या नाकावर जड धातूची चौकट चढवत, तिच्यात एकामागून एक भिंगं घालत आणि विचारत, "हे बरं, की हे बरं?" माणूस उगाच हो ला हो करतोय असा संशय आला, की दादा भिंग काढून पुन्हा तेच घालत. बहुतेक जण म्हणत, "हां, आता एकदम क्लिअर!" हा किस्सा दादा घरी येऊन रंगवून सांगत आणि पोट धरून हसत. वहिनींना तो तोंडपाठ झाला होता, त्या भाजी चिरता चिरता योग्य जागी मान हलवत.

खरं तर ते दादा एकाच माणसाचे, धाकट्या भावाचे. पण न मागता सल्ला द्यायच्या सवयीमुळे सगळी गल्लीच त्यांना दादा म्हणे. धाकट्याला घरात छोट्या म्हणत. छोट्या आता चाळिशी ओलांडलेला, आडव्या अंगाचा गृहस्थ होता, पण एकदा पडलेलं नाव कुठे सुटतं? बदली होऊन तो लांबच्या शहरात गेला होता आणि लग्न मोडल्यापासून तिथे एकटाच राहत होता. फोनवर दोघा भावांचं बोलणं दोन वाक्यांत आटपे. शनिवारी संध्याकाळी मात्र दोघं कानाला हेडफोन लावून आपापल्या घरी बसत आणि एकाच रस्त्यावर गाड्या पळवत. हात गुंतले की माणसाची जीभ सुटते. दुसऱ्या फेरीपर्यंत छोट्या ऑफिसातल्या साहेबावर घसरे, तिसऱ्या फेरीत हल्ली झोप लागत नाही म्हणून सांगे, आणि क्वचित एखाद्या लांब सरळ रस्त्यावर, जी सोडून गेली तिच्याबद्दल बोले. दादा "हं" म्हणत आणि गिअर बदलत. तेवढ्या "हं"वर छोट्या पुढचा आठवडा काढत असे.

घोडं अडलं ते एवढ्यावरच, की शर्यत दर वेळी छोट्याच जिंकायचा.

"माझं चित्र अडखळतं रे," दादा म्हणायचे. "वळणावर तू पुढे सटकतोस ते मला दिसतच नाही. मशीन जुनं झालंय."

"दादा, गेमच बारा वर्षांचा आहे," छोट्या एकदा हसत म्हणाला. "तो कॅल्क्युलेटरवरसुद्धा चालेल."

हे वाक्य दादांच्या वर्मी लागलं. मशीनचा दोष नाही म्हणजे मग कोणाचा? त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की नवं मशीन झाल्याशिवाय ते गाडीला हात लावणार नाहीत.

"असू दे ना दादा, जसं आहे तसं खेळू," छोट्या म्हणाला.

"नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

माणूस तत्त्वावर आला, की समजावं, दुखणं फार आत गेलंय.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पण त्यासाठी नवं अंगण घालून घेणारे तुम्हीच पहिले."

दादांनी सुरुवात फक्त एका ग्राफिक्स कार्डापासून केली. पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम या कार्डाचं; ते तेवढं बदललं की झालं, असा साधा हिशेब होता. कोणतं घ्यावं, म्हणून त्यांनी इंटरनेटवर जाणकारांच्या एका ग्रुपात विचारलं. पहिल्यानं एक कार्ड सुचवलं. दुसऱ्यानं, ते घेणारा गाढव असतो असं कळवलं. तिसरा म्हणाला, आता काहीच घेऊ नका, दोन महिन्यांत नवीन येतंय. चौथ्यानं कार्डाबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे?" दादांना ते ठाऊक नव्हतं. तो प्रश्न पुढे कित्येक आठवडे त्यांच्या डोक्यातून हलला नाही.

पुढचं सगळं ओघानं आलं. मोठ्या कार्डाला मोठा पॉवर सप्लाय हवा. कार्ड इतकं लांब, की जुन्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही, म्हणजे कॅबिनेट नवं. जुना प्रोसेसर कार्डाला मागे खेचणार, म्हणजे प्रोसेसर नवा. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, नव्या मदरबोर्डला जुनी रॅम चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरमधला शेवटी एक पडदा तेवढा उरला, आणि त्याची वायर.

"आणि याला अपग्रेड म्हणतात होय?" वहिनींनी चष्म्यावरून नवऱ्याकडे नीट बघितलं. "मग या घरात अजून काय काय अपग्रेड करता येतं, ते एकदा सांगून ठेवा."

दादांचं लक्ष नव्हतं. ते पंख्यांच्या आवाजाची तुलना ऐकत होते. दुकानातही तेच. एका बाईंच्या नाकावर चौकट चढवून ते मोबाईलवर कार्डांची परीक्षणं बघत बसले, ते इतके रमले, की बाई शेवटी चौकटीसकट पडदा सारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी अशीच घरी जाऊ का?" ज्या ग्रुपात दादा प्रश्न विचारायला गेले होते, तिथे आता ते उत्तरं देऊ लागले होते. हातात कार्ड नाही, घरात मशीन नाही, पण उंटावरून शेळ्या हाकणं जोरात चालू होतं. एका नवख्याला तर त्यांनीच विचारलं, "पॉवर सप्लाय किती वॅटचा?" आणि तो गप्प झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

इकडे शनिवार येत होते आणि जात होते. सुरुवातीला छोट्या फोन करायचा, "आलं का कार्ड?" दादा म्हणायचे, "येतंय. किंमत उतरायची वाट बघतोय." मग फोनचे मेसेज झाले. मग मेसेजही थांबले.

"भावजींचा बरेच दिवसांत आवाज नाही," वहिनी एकदा जेवताना म्हणाल्या. "कसे आहेत?"

"त्याचं काय, त्याचं मशीन उत्तम आहे," दादा म्हणाले.

वहिनींनी हातातला घास खाली ठेवला आणि त्या दादांकडे बघत राहिल्या. दादांना वाटलं, भाजीत मीठ जास्त झालंय.

सहा महिन्यांनी एकदाचा मुहूर्त लागला. दुकानदारानं खोकी काढता काढता विचारलं, "साहेब, खेळता काय?" दादांनी गेमचं नाव सांगितल्यावर तो जरा थांबला. "त्याला एवढं लागत नाही हो." दादा म्हणाले, "माणसानं भविष्याचा विचार करावा." दुकानदारानं मान डोलावली आणि बिलाचं पुस्तक उघडलं. गिऱ्हाइकाला भविष्य दिसत असेल, तर त्यानं मध्ये का यावं? जोडून द्यायची त्याची तयारी होती, पण दादांनी साफ नाही म्हटलं. सहा महिने अभ्यास केलेला माणूस दुसऱ्याला हात लावू देतो होय?

जेवणाच्या टेबलावर रविवारभर शस्त्रक्रिया चालली. वहिनी बॅटरी धरून उभ्या होत्या, वाटीत स्क्रू सांभाळत होत्या, आणि "आता काय हवं?" एवढंच विचारत होत्या. शेवटी दादांनी सगळ्या वायरी मागे खोचल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले, आत लाल, निळे, जांभळे दिवे लागले. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "छान आहे. आता टेबल मोकळं करा."

पुढच्या शनिवारी दादा जिंकले.

त्याच्या पुढच्याही शनिवारी जिंकले. शेवटच्या वळणापर्यंत छोट्याच पुढे असे, पण तिथे त्याची गाडी बाजूला सरके आणि दादा भुर्रकन पुढे निघत. "घसरते रे दादा तिथे," छोट्या म्हणे. "तुझ्या नव्या मशीनपुढे माझं काही खरं नाही." आणि पुन्हा दुसऱ्या फेरीत साहेब येत, तिसऱ्या फेरीत झोप येई, दादा "हं" म्हणत. दादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ग्रुपात त्यांनी लांबलचक लेख टाकला: जमीन-अस्मानाचा फरक आहे, रस्त्यावरचे खडे मोजून घ्यावेत, झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं. दुकानात चष्मा घ्यायला आलेल्यांनाही त्यांनी हे ऐकवलं. लोक बिचारे चष्मा घेऊन निघायच्या घाईत "हो का, हो का" करत होते.

मग एके दिवशी वहिनींच्या कानातल्याची फिरकी टेबलामागे घरंगळली. दोघांनी मिळून टेबल ओढलं. वहिनी बॅटरी घेऊन खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अहो, या तुमच्या नव्या डब्याच्या भोकांना टोपणं आहेत. ती काढायची नसतात का?"

"कसली टोपणं?" म्हणत दादा खाली बसले, आणि बसले ते बसलेच. पडद्याची वायर वर मदरबोर्डच्या भोकात होती, जुन्या सवयीनं खोचलेली. खाली कार्डाच्या प्रत्येक भोकावर कारखान्यातून आलेलं काळं प्लास्टिकचं टोपण जसंच्या तसं होतं. ज्या कार्डासाठी सहा महिने घालवले, त्यानं आजवर एक रेघसुद्धा काढली नव्हती. ऑफिसातली पत्रं दाखवण्यापुरती चित्रकला प्रोसेसरच्या अंगातच असते. सगळ्या शर्यती, खडे आणि पानं तिच्यावरच चालली होती.

"म्हणजे हा डबा बंद होता?" वहिनींनी विचारलं.

"बंद कसा? पंखा फिरत होता."

"मग तुम्ही जिंकत कसे होतात?"

दादांचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग हळूहळू उजळला. "म्हणजे बघ! कार्डाशिवाय जिंकत होतो! शेवटी हात लागतो गं, हात." वहिनींनी फिरकी उचलली, कानातल्याला लावली आणि त्या आत निघून गेल्या. या माणसाला विहिरीत ढकललं, तर पोहायला शिकवल्याबद्दल स्वतःचेच आभार मानील, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. दादांनी टोपणं काढली, वायर योग्य जागी लावली, आणि कोणालाही काही न सांगता शनिवारी छोट्यासमोर बसले. चित्राची सगळी बटणं त्यांनी शेवटपर्यंत नेऊन ठेवली. आणि या वेळी फरक होता, खराखुरा होता. ओल्या रस्त्यात आभाळ दिसत होतं. पुढे धावणाऱ्या छोट्याच्या गाडीवरचे ओरखडेसुद्धा दिसत होते. दादा इतके हरखले, की तिसऱ्या फेरीत छोट्या काय म्हणाला तेही त्यांनी ऐकलं नाही.

शेवटचं वळण जवळ आलं. छोट्याची गाडी पुढे होती, सरळ होती, कुठे घसरत नव्हती. आणि वळणाच्या बऱ्याच आधी तिचे मागचे दोन दिवे लाल झाले. ओल्या रस्त्यावर तो लाल उजेड लांबवर पसरला. गाडी शहाण्यासारखी हळू झाली, बाजूला सरली, आणि वाट सोडून थांबली.

दादांनीही ब्रेक दाबला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि कॉम्प्युटर चालवत होता त्या बाकीच्या गाड्या त्यांच्या बाजूनं सूं सूं करत निघून गेल्या.

"दादा? हँग झालं का?"

"नाही. तू ब्रेक का मारलास?"

"घसरली रे."

"घसरली नाही. मागचे लाल दिवे लागलेले आज दिसले मला. आधीपण मारत होतास?"

हेडफोनमध्ये छोट्याच्या खोलीतल्या पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

"तू हरलास की यायचा बंद होतोस, दादा," तो शेवटी म्हणाला. "मागच्या वेळी सहा महिने आला नाहीस. इथे मला दुसरं कोण आहे रे बोलायला?"

दादांचे कान तापले. कार्ड, बोर्ड, वॅट, काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातलं एकही या प्रश्नाला बसेना. सहा महिने ते पंख्यांचे आवाज ऐकत होते, आणि हा तिकडे एकटा बसला होता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"माझं चुकलं, छोट्या," ते म्हणाले. "आता ऐक. गाडी काढ आणि मला हरव. पुढच्या शनिवारीपण हरव. मी येणार."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना?"

छोट्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याची गाडी अशी सुटली, की दादांच्या काचेवर चिखल उडाला, आणि दादा मागून ओरडले, "अरे हळू! वळण आहे पुढे!"