खुरपणीचा महिना

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. दवाखान्याच्या दारात नंबर लावून बसल्या, तरी तिथल्या कुंडीतलं गवत उपटतील. मी चिडवायचे, "अहो, पगार देतात का याचा?" तर म्हणायच्या, "गप गं! तण दिसलं की हात शिवशिवतात माझे."

गव्हाच्या बाबतीत तर त्यांचा हुकूमच असे. पेरल्यापासून महिना-दीड महिना रान स्वच्छ पाहिजे म्हणजे पाहिजे. "लहानपणी उपाशी राहिलेलं लेकरू मागाहून तूप पाजून भरत नाही," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

यंदा नेमक्या त्याच दिवसांत थोरल्या दिरांना अर्धांगाचा झटका आला. बाई खुरपं टाकून दवाखान्यात त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. मी इकडे दोन्ही घरची गुरं, पोरं आणि सासूबाईंची कुरकुर सांभाळत होते. खुरपणीला माणूस औषधालाही मिळेना.

दिरांना घेऊन त्या परतल्या तेव्हा गहू ओंब्यांवर आला होता आणि गवत त्याच्याही वर डोकं काढून उभं! त्यांच्या घरचं वर्षाचं पीठ त्याच रानातलं. माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, आत घुसले आणि ओढायला लागले.

"बाहेर ये आधी!" बांधावरून जाऊबाई कडाडल्या. "गवतानं खायचं ते कधीच खाल्लंय. आता तुझ्या पायांखाली उरलंसुरलंही जाईल. कडेकडेचे तुरे तेवढे खुडू, बी पडायला नको."

"आणि बाकीचं नुसतं बघत बसायचं?"

"हो, बघत बसायचं." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. मला रडूच आलं, खरं सांगते.

मळणीनंतर दरवर्षीच्या निम्मीही पोती भरली नाहीत. ओट्यावर खुर्चीत बसलेले दीर त्या पोत्यांकडे बघत राहिले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझ्यापायी... रान गेलं."

पोत्याचं तोंड शिवता शिवता जाऊबाईंनी मान वर केली. "गहू पुढच्या वर्षी पेरता येतो. तुम्हाला कुठून आणलं असतं मी?" आणि लगेच आवाज चढवून, "ती मूठ उघडा-मिटा बघू आता. सकाळपासून व्यायाम केलेला नाही. मी बघतेय हं!"

दिरांनी मूठ उघडली.